सांडवा, सांडणं आणि ओतणं

प्रश्न असा आलाय की कोयना धरणाचे दरवाजे मुद्दाम उचलून पाणी सोडतात, तरी त्या जागेला सांडवा का म्हणायचं, सांडणं तर चुकून होतं ना? पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेचा विसर्ग रोज बघणाऱ्या सांगलीकराला हा प्रश्न पडणारच.

तर सांडणे या शब्दात चूक, धांदल, हात लागून लवंडणं हे मुळात नव्हतंच, ते नंतर चिकटलं. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे सोडणे, टाकून देणे. पसायदान सगळ्यांना पाठ आहे, 'जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मीं रती वाढो', तिथं काही लवंडत नाहीये, दुष्टांचा वाकडेपणा सुटू दे, गळून जाऊ दे असं मागणं आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे इ.स. 1290, आणि तिच्यात 'सांडूनि' हा 'सोडून' याच अर्थानं जागोजाग भेटतो. (सांडो आणि वाढो, आज दोन्ही शब्द पंगतीतले वाटतात, मला ही ओवी त्यामुळं अजूनच जवळची वाटते.)

मूळ संस्कृत छर्द्, म्हणजे ओकणे, बाहेर टाकणे. आयुर्वेदात उलटीला छर्दि म्हणतात तो याचाच भाऊ. प्राकृतात छड्डइ झालं, तिथं अर्थ सोडतो, टाकतो. आता छ चा स कसा झाला म्हणाल तर मराठीची ती जुनी खोडच आहे, हिंदी पूछना आपलं पुसणं, मछली आपला मासा, कछुआ आपलं कासव, छुरी आपली सुरी, तसंच ब्रजभाषेतलं छाँड़ना आपलं सांडणं. एकदा हे जुळलं की शब्द उलगडत जातो.

म्हणून सांडवा म्हणजे धरणानं जास्तीचं पाणी सोडायची जागा. कोयनेला 6 वक्र दरवाजे आहेत म्हणून ते मुद्दाम सोडणं डोळ्याला दिसतं, गावच्या लहान तलावाला दरवाजे नसतात, तिथं तलाव भरला की पाणी आपोआप सांडव्यावरून जातं, पण शब्द दोन्हीकडं तोच आणि दोन्हीकडं बरोबर. सांडपाणी बघा की, ते काय कुणाच्या हातून सांडलेलं नसतं, वापरून झालं म्हणून आपणच सोडून दिलेलं पाणी.

ओतणं वेगळं आहे. ओतायला खाली काहीतरी लागतं, कप, घागर, नाहीतर साचा. म्हणून धातूसुद्धा ओततात आणि त्यावरून ओतीव, ओतकाम, ओतारी हे शब्द आले. गुऱ्हाळात शिजलेला पाक काहिलीतून गार व्हायला वाफ्यात, म्हणजे पसरट हौदात, ओततात, त्याला कुणी सांडला म्हणणार नाही, सांडला तर गूळ करणारा गुळव्या खवळेल. धरणाचं पाणी कशात भरायचं नसतं, वाट करून द्यायची असते, म्हणून 'ओतवा' जमत नाही. आपल्याकडं सातारा-सांगलीच्या खेड्यात ओतचं वत होतं, 'च्या वत गं', जसं ओढ्याचा वढा, ओळखीची वळख. ते अशुद्ध नाही, बोलीचा नियम आहे, पोरांना त्यावरून टोकू नका.

जाता जाता, गरम पातेलं उतरवायची सांडशी मात्र या कुटुंबातली नाही, ती संस्कृत संदंश, म्हणजे चिमटा, यावरून आली.