केराटोकोनससाठी क्रॉसलिंकिंग केल्यावर चष्मा जातो का?

तुमचा भाऊ 19 वर्षांचा, वर्षभरात तिरका नंबर दोनदा वाढला, आणि एवढं सगळं करून चष्मा जाणार का, असं तुम्ही विचारताय. नाही जाणार. मीही हेच विचारलं होतं. उत्तर ऐकून 'मग कशाला करायचं?' म्हणत सात महिने घालवले. तेवढ्यात उजवा डोळा इतका बिघडला की आता चष्म्याने भागत नाही, कडक लेन्स लावावी लागते.

या आजारात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत जातो. क्रॉसलिंकिंगने त्याची वीण घट्ट होते, म्हणजे बिघाड आहे तिथेच थांबवायचा. थोडी नजर सुधारली तर नशीब, पण ते धरून चालू नका.

डोळा थेंबांनी बधिर करून कॉर्नियाचा वरचा पापुद्रा काढतात. मग रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, पिवळेधमक थेंब आणि त्यावर अतिनील प्रकाश. मूळ ड्रेस्डेन पद्धतीत अर्धा तास थेंब आणि अर्धा तास प्रकाश. माझ्या वेळी प्रकाश 10 मिनिटांचाच होता. तेव्हा काही दुखलं नाही. त्या रात्री मात्र डोळ्यात कुणी तिखट टाकल्यासारखं झोंबत होतं. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो, मोबाइलचा उजेडही नको वाटे. चौथ्या दिवशी पट्टीसारखी लावलेली लेन्स काढली. नजर आधीपेक्षा धूसर! मी घाबरलोच, पण पुढच्या काही महिन्यांत ते निवळलं.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. आधीची आणि आताची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, शेजारी ठेवून आजार वाढतोय हे दाखवा म्हणा. आणि कॉर्नियाची जाडी किती? नेहमीच्या पद्धतीला साधारण 400 मायक्रॉन, म्हणजे 0.4 मिलिमीटर, लागतात, त्यामुळे थांबत बसलं तर ही वाटही अवघड होते. त्याच्या वयात आजार झपाट्याने वाढू शकतो. भाऊ लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची तेही विचारून घ्या, नाहीतर आकडे फसवतात.

आणि तो डोळे चोळतो का? मी लहानपणापासून चोळायचो, ॲलर्जीची खाज. खाजेवर वेगळे थेंब मिळतात, ते आधी सुरू करा. डावा डोळा मी वेळेत केला, चार वर्षांत त्याचा आकडा हललेला नाही. तरी हात डोळ्याकडे गेला की आई अजून स्वयंपाकघरातून ओरडते.