वाचकांचे प्रश्न : दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर

प्रश्न : वडिलांचा जन्म १९५६ चा. जन्मनोंदीच्या नकलेवर 'ता. तासगाव, जि. दक्षिण सातारा' असे आहे आणि पासपोर्टवर 'सांगली'. भाषांतर करणाऱ्याने इंग्रजीत सरळ 'सांगली' लिहून दिले. अमेरिकेतल्या भावाने वडिलांना तिकडे कायमचे नेण्यासाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा इमिग्रेशन अर्ज भरला आहे. हे चालेल का? नोटरीही करावी लागेल, असे तो म्हणतो. (तासगाव)

चालणार नाही, ते भाषांतर बदलून घ्या. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने; 'सांगली' हे नाव १९६० मध्ये आले. त्यामुळे त्या अकरा वर्षांतल्या नोंदींवर जुनेच नाव असते आणि ते अगदी बरोबर आहे. भाषांतरातही 'दक्षिण सातारा' हेच ठेवायचे. त्याखाली चौकटी कंसात 'भाषांतरकाराची टीप' म्हणून एक ओळ घालायची, की १९६० पासून याच जिल्ह्याचे नाव सांगली आहे. अर्जासोबत मूळ दाखल्याची प्रतही जाते. ती वाचू शकणाऱ्याला भाषांतरात वेगळे नाव दिसले, तर शंका त्या एका शब्दापुरती राहत नाही, सगळ्याच कागदांवर येते. तालुक्यांचेही असेच. पलूस, कडेगाव हे तालुके अलीकडचे. जुन्या नोंदीत तिथल्या गावांपुढे तासगाव किंवा खानापूर दिसेल. तसेच राहू द्या आणि टीप द्या.

नोटरीबद्दल : अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भाषांतरावर नोटरीचा शिक्का लागत नाही. नियम इतकाच आहे, की भाषांतर संपूर्ण हवे आणि ते पूर्ण व अचूक असल्याचे, तसेच आपल्याला दोन्ही भाषा भाषांतर करण्याइतक्या येत असल्याचे भाषांतरकाराने लेखी द्यावे. त्याखाली नाव, सही, पत्ता, तारीख. आपल्याकडे नेमके उलटे होते. शिक्का ठसठशीत असतो आणि हे निवेदनच नसते. नोटरीने मूळ दाखल्याच्या झेरॉक्सवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, तर त्याने भाषांतर प्रमाणित होत नाही. ते दोन वेगळे कागद आहेत.

'संपूर्ण' हा शब्दही जपून वाचा. गोल शिक्क्यातली अक्षरे, मागच्या बाजूचा मजकूर, खाडाखोडीवरची छोटी सही, समासातला शेरा, सगळे आले पाहिजे. न वाचता येणारी सही 'सही, अवाच्य' अशी दाखवायची. रकान्यात 'निरंक' असेल तर इंग्रजीत 'निल' लिहायचे, रकाना गाळायचा नाही.

प्रश्न : कॅनडाच्या अर्जासाठी लग्नाच्या दाखल्याचे भाषांतर माझ्या मावसबहिणीने केले तर? ती सांगलीत इंग्रजीची शिक्षिका आहे. (मिरज)

नको. कॅनडा अर्जदाराने स्वतः किंवा नातेवाइकाने केलेले भाषांतर घेत नाही. त्या यादीत आई-वडील, भावंडे, नवरा-बायको, मुले, आजी-आजोबा यांच्याबरोबर काका-मामा, मावशी-आत्या, भाचे-पुतणे आणि चुलत-मावस-आते-मामे भावंडेही येतात. बहिणीचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. भाषांतरकार तिथल्या मान्यताप्राप्त संघटनेचा सदस्य नसेल, तर त्याने नोटरीसमोर शपथेवर प्रतिज्ञापत्र करावे लागते. म्हणजे नोटरी इथे लागते, पण ती प्रतिज्ञापत्रासाठी. सोबत मूळ दाखल्याचा, किंवा ज्या साक्षांकित प्रतीवरून भाषांतर केले तिचा, स्कॅन जोडा.

ब्रिटनला भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो.

प्रश्न : मुलाच्या शिक्षणासाठी सातबारा इंग्रजीत करायचा आहे. मोबाइलवर भाषांतर केले तर बरे दिसते. तेच द्यावे का? (वाळवा)

सातबाऱ्याला तर मुळीच नको. यंत्राच्या भाषांतराखाली सही करून जबाबदारी घेणारा माणूस नसतो, ही पहिली अडचण. दुसरी शब्दांची. 'अज्ञान' म्हणजे इथे अल्पवयीन, इंग्रजीत 'मायनर'. यंत्र त्याचे 'अडाणी' करू शकते. 'अ.पा.क.' म्हणजे त्या अल्पवयीनाचा पालनकर्ता. 'मौजे' हा गावाच्या नावाचा भाग नव्हे.

सगळ्यात महागात पडते ते क्षेत्र. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते. ०.४०.०० म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. तेच '०.४० एकर' असे छापले गेले, तर जमीन निम्म्याहूनही कमी दिसते आणि मूल्यांकनाच्या दाखल्याशी मेळ बसत नाही. एकक लिहून घ्या, एकरात रूपांतर हवे तर टिपेत द्या. खाते सामाईक असेल तर सगळ्या खातेदारांची नावे आली पाहिजेत. फक्त वडिलांचे नाव उचलले तर भाषांतर अपुरे ठरते.

प्रश्न : दाखल्यावर 'ज्ञानदेव', पासपोर्टवर डी-एन-वाय ने सुरू होणारे नाव, शाळेच्या इंग्रजी गुणपत्रकावर जी-एन ने. भाषांतरात कोणते घ्यावे? (कराड)

पासपोर्टवरचे. देवनागरी नाव एकच आहे, रोमन लिपीत ते अनेक तऱ्हांनी लिहिता येते, तेव्हा पासपोर्टचे स्पेलिंग घेण्यात काही खोटे नाही. भाषांतरकाराकडे जाताना घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती न्या. पण दाखल्यावर 'ज्ञानू' असेल तर भाषांतरातही ज्ञानूच राहील. तिथे 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र जोडावे, किंवा जन्मनोंद जिथे आहे त्या निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. दुरुस्ती होणार असेल तर भाषांतर त्यानंतरच करा, नाहीतर दोनदा पैसे जातात.

आणि त्याआधी एक पाहा. अलीकडचे जन्मदाखले मराठी-इंग्रजी असे दुभाषी मिळतात. नुसती रकान्यांची शीर्षके नव्हे, तर आत भरलेली माहितीही इंग्रजीत असेल तर भाषांतराची गरजच उरत नाही. जुना हस्तलिखित दाखला घेऊन भाषांतरकाराकडे जाण्याआधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत तसा नवा दाखला मिळतो का, ते विचारा.