किस्किट सोर्सवरून बिल्ड करायचंय, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जमेल का?

जमेल, आणि ८ जीबी पुरतील.

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, गिटहबवरून किस्किटचा, म्हणजे क्वांटम संगणकासाठी सर्किट लिहायच्या आणि कंपाइल करायच्या आयबीएमच्या ओपन-सोर्स पॅकेजचा, सोर्स उतरवून घेतलात, पिप इन्स्टॉल दिल्यावर बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. शेवटी इन्स्टॉल झाल्याचं दिसलं, पण इम्पोर्ट करताना ‘अंडरस्कोर ॲक्सिलरेट’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही अशी एरर येते. आणि क्वांटमचा कंपायलर म्हटल्यावर भारी मशीन लागेल का, हेही विचारलंय. या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्या धास्तीनं कितीतरी मुलं याला हातच लावत नाहीत.

मी दिवसभर साध्या प्रोसेसरसाठीच्या कंपायलरवर काम करते आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी किस्किटच्या ट्रान्सपायलरमध्ये डोकं घालते. ट्रान्सपायलर म्हणजे त्यातला कंपायलरचा भाग. रॅम खातं ते सिम्युलेशन, म्हणजे क्वांटम यंत्राची साध्या संगणकावर केलेली नक्कल. ३० क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट) पूर्ण अवस्था मेमरीत धरायची तर २ चा ३० वा घात इतक्या कॉम्प्लेक्स संख्या ठेवाव्या लागतात, प्रत्येकीला १६ बाइट, म्हणजे १६ जीबी तिथेच गेले. आणखी एक क्यूबिट घेतला की दुप्पट. कंपायलर यातलं काहीच मोजत नाही. त्याच्या दृष्टीनं सर्किट म्हणजे नुसता आलेख असतो: कुठलं गेट (क्यूबिटवरची एक क्रिया) कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर, कुठल्या क्यूबिटवर. त्यामुळे १२७ क्यूबिटचं सर्किटही तुमच्या लॅपटॉपवर कंपाइल होतं. ते चालवायला खरं यंत्र हाताशी असो वा नसो.

आता बिल्ड करावं का? फक्त सर्किट लिहायची असतील तर अजिबात नको. पिपवर तयार पॅकेज मिळतं, दोन मिनिटांत काम होतं. सोर्सवरून बिल्ड तेव्हाच करा जेव्हा कंपायलर आतून बघायचाय किंवा त्यात बदल करायचाय. तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला आतलं बघायचंय असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमची एरर. किस्किट २०१७ साली सुरू झालं तेव्हा ते मुख्यतः पायथॉनमध्ये होतं. पुढे वेळखाऊ भाग एकेक करून रस्ट भाषेत नेले गेले आणि आज ट्रान्सपायलरचं बरंचसं जड काम रस्टच करतं. सोर्सच्या फोल्डरमध्ये म्हणूनच दोन घरं दिसतील: ‘किस्किट’ नावाच्या फोल्डरमध्ये पायथॉन, ‘क्रेट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये रस्ट. बिल्ड करताना सगळं रस्ट कंपाइल होऊन त्याची एक लायब्ररी बनते. तीच ती ‘अंडरस्कोर ॲक्सिलरेट’.

तुमचं इन्स्टॉल बहुतेक नीटच झालंय. घोडं अडलंय ते तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात यावर. तुम्ही सोर्सच्याच फोल्डरमध्ये राहून पायथॉन उघडलंत. पायथॉन इम्पोर्ट करताना आधी चालू फोल्डरमध्ये बघतं, तिथे ‘किस्किट’ नावाचं फोल्डर त्याला समोरच दिसतं आणि ते तेच उचलतं. त्या फोल्डरमध्ये पायथॉनच्या फाइली आहेत, पण कंपाइल झालेली लायब्ररी नाही. ती गेलीय तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या (एका कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथॉनच्या) साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे इन्स्टॉल केलेली पॅकेजेस जिथे जातात त्या फोल्डरमध्ये. एक फोल्डर वर जा आणि तिथून इम्पोर्ट करून बघा, चालायला हवं. खात्री करायची तर इम्पोर्ट झाल्यावर किस्किटचं ‘डबल अंडरस्कोर फाइल डबल अंडरस्कोर’ प्रिंट करा. नेमकं कुठलं किस्किट उचललं गेलंय, त्याचा पत्ता मिळतो.

पण तुम्हाला कोड बदलायचाय, तेव्हा मी तर म्हणेन की पाटी कोरी करून पुन्हा मांडा. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाका.

पहिलं काम सी कंपायलरचं. उबुंटू असेल तर बिल्ड-इसेन्शियल आणि पायथॉन-३-डेव्ह ही दोन पॅकेजेस ॲप्टनं घ्या. विंडोज असेल तर व्हिज्युअल स्टुडिओचे बिल्ड टूल्स लागतात, सी प्लस प्लसचा भाग निवडून. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरच्या हजारो बारीक फाइली डब्ल्यूएसएलमधून वाचताना बिल्ड रेंगाळतं.

मग रस्ट. हे ॲप्टमधून घेऊ नका, तिथली आवृत्ती बरेचदा मागची असते. रस्टअप या रस्टच्याच इन्स्टॉलरनं घ्या. किस्किटच्या सोर्समध्ये रस्ट-टूलचेन नावाची एक फाइल असते, तिच्यात कुठली आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. रस्टअप ते वाचून तीच आवृत्ती आपोआप उतरवून घेतं. रस्टअप बसवल्यावर टर्मिनल बंद करून नवं उघडा, नाहीतर कार्गो (रस्टचं बिल्ड करणारं साधन) सापडत नाही अशी तक्रार येईल.

त्यानंतर नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, सोर्सच्या फोल्डरबाहेर. नवं म्हणजे खरंच नवं. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टसाठी केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये शून्यापासून सुरू होणारी एखादी जुनी किस्किट आवृत्ती असेल तर तिच्यावरच १.० किंवा पुढची चढवता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये १.० आली तेव्हा पॅकेजची रचनाच बदलली. आधी किस्किट हे फक्त वरचं आवरण होतं आणि आतलं पॅकेज किस्किट-टेरा. दोन्ही एकत्र आली की एकमेकांच्या फाइलींवर बसतात आणि मग पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

सोर्स घेताना गिट क्लोनला ‘डेप्थ १’ द्या आणि ‘ब्रँच’ म्हणून एखाद्या प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा टॅग द्या. मोबाइल डेटावर असाल तर या एका गोष्टीनं पुष्कळ वाचतं, कारण सगळा इतिहास उतरत नाही. शिवाय मेन शाखा रोज हलत असते, पहिल्याच बिल्डला ती घेऊ नये.

आता सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन पिप इन्स्टॉल, डॅश व्ही, डॅश ई, टिंब. डॅश ई म्हणजे एडिटेबल: तुम्ही पायथॉनची फाइल बदललीत की पुन्हा इन्स्टॉल न करता बदल लागू होतो, आणि लायब्ररीही सोर्सच्या फोल्डरमध्येच बनते, त्यामुळे वरची इम्पोर्टची भानगड उरत नाही. डॅश व्ही मी मुद्दाम सांगतेय. तो नसला तर पिप ‘बिल्डिंग’ म्हणून गप्प बसतं आणि आत कार्गो एकामागून एक क्रेट (रस्टचं पॅकेज) कंपाइल करत असतो हे दिसतच नाही. तुमचं अडकलं होतं ते अडकलेलं नव्हतं, काम चालू होतं. डॅश व्ही दिलात की एकेक नाव सरकताना दिसेल.

लॅपटॉप मध्येच गोठला किंवा कंपायलर ‘किल्ड’ म्हणून बंद पडला तर रॅम कमी पडली असं समजा. रस्ट एकाच वेळी जितके कोअर तितकी कामं काढतं. कार्गो-बिल्ड-जॉब्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ किंवा २ करा, ब्राउझर बंद करा, पुन्हा चालवा. वेळ जास्त लागेल, पण पार पडेल. डिस्कवर काही जीबी मोकळे असू द्या. टार्गेट नावाचं फोल्डर फुगत जातं, नको झालं की कार्गो क्लीन.

आणि आता ती गोष्ट जिच्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. एडिटेबल इन्स्टॉल करताना रस्टचा भाग डीबग पद्धतीनं कंपाइल होतो, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय. बदल करून पुन्हा बिल्ड करणाऱ्याच्या सोयीसाठी ते तसं आहे. मी एका पासमध्ये, म्हणजे ट्रान्सपायलरच्या एका टप्प्यात, लहानसा बदल केला आणि पिपवरच्या तयार पॅकेजशी वेळ ताडून पाहिला, तर माझं कित्येक पट हळू. मी माझ्या बदलात चूक शोधत बसले. शेवटी बदल पूर्ण मागे घेतला, तरी हळूच. तेव्हा लक्षात आलं की मी डीबग बिल्डची तुलना रिलीज बिल्डशी, म्हणजे ऑप्टिमायझेशनसह केलेल्या बिल्डशी, करतेय. वेग मोजायचा असेल तर आधी सेटअप डॉट पीवाय ही फाइल ‘बिल्ड अंडरस्कोर रस्ट’ या आज्ञेनं चालवा, सोबत रिलीज आणि इनप्लेस हे दोन पर्याय. त्याआधी एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आणि सेटअपटूल्स-रस्ट बसवलेले हवेत, कारण ही फाइल थेट चालवताना पिप ते आणून देत नाही. रस्टच्या फाइलीत बदल केला की दर वेळी पुन्हा बिल्ड करावं लागतं हेही ध्यानात असू द्या. पायथॉनसारखा तो आपोआप दिसत नाही.

बिल्ड झालं की पहिला प्रयोग हा करा. मी नवीन कुणालाही हाच देते. पाच क्यूबिटचं सर्किट घ्या. शून्याव्या क्यूबिटवर हॅडमार्ड (एका क्यूबिटचं गेट), मग शून्य आणि चार यांच्यामध्ये एक सीएक्स (दोन क्यूबिटचं गेट). ट्रान्सपाइल करताना कपलिंग मॅप, म्हणजे कुठला क्यूबिट कुणाला जोडलेला आहे त्याचा नकाशा, सरळ रेषेचा द्या: ० ला १ जोडलेला, १ ला २, असं ४ पर्यंत, दोन्ही दिशांनी. बेसिस गेट, म्हणजे यंत्राला थेट येणारी गेटं, म्हणून आरझेड, एसएक्स, एक्स आणि सीएक्स.

ऑप्टिमायझेशन लेव्हल ० ठेवून सीएक्स मोजा: १० निघतील. लेव्हल २ करून मोजा: १.

पंगतीत पाच जण बसलेत आणि प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याशीच बोलता येतं असं समजा. पहिल्याला पाचव्याशी बोलायचंय. लेव्हल ० पाटांची मांडणी जशी दिली तशीच घेते आणि मग माणसं उठवून जागा बदलत नेते. तीन अदलाबदली झाल्या की दोघं शेजारी येतात. अशी एक अदलाबदल म्हणजे एक स्वॅप गेट, आणि एक स्वॅप म्हणजे तीन सीएक्स, म्हणून नऊ, आणि मूळचा एक. लेव्हल २ पंगत बसण्याआधीच विचार करते, या दोघांचंच बोलणं आहे, मग त्यांना शेजारीच बसवू. खऱ्या यंत्रावर दोन क्यूबिटचं प्रत्येक गेट चुकीची शक्यता वाढवतं, तेव्हा १० आणि १ यांतला फरक म्हणजे उत्तर येणं आणि नुसता गोंगाट येणं यांतला फरक ठरू शकतो. आयबीएमच्या यंत्रांतल्या हेवी-हेक्स या षटकोनी मांडणीतही एका क्यूबिटला जास्तीत जास्त तीनच शेजारी असतात, त्यामुळे हा जागांचा प्रश्न तिथेही सुटत नाही. हॅडमार्डचं काय झालं तेही बघा. तो बेसिसमध्ये नाही, म्हणून त्याच्या जागी आरझेड, एसएक्स, आरझेड असे तीन आलेले दिसतील.

मग ट्रान्सपाइलला कॉलबॅक म्हणून एक छोटं फंक्शन द्या, जे प्रत्येक पासचं नाव आणि त्याला लागलेला वेळ छापेल. दोन्ही लेव्हलच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. लेव्हल २ मध्ये व्हीएफ-२-लेआउट दिसेल, पाट मांडणारा तोच. लेव्हल ० मध्ये सेबर-स्वॅप दिसेल, जागा बदलवणारा तो. ती पद्धत ली, डिंग आणि शिए यांनी २०१८ साली मांडली. त्यांचा शोधनिबंध मोफत वाचता येतो आणि तिसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सवर समजतो, जरूर वाचा. मग ट्रान्सपायलर, पासेस, राउटिंग अशा वाटेनं जाऊन सेबर-स्वॅपची पायथॉन फाइल उघडा, तिच्यातल्या ‘रन’ मध्ये तुमची एक प्रिंटची ओळ टाका आणि लेव्हल ० पुन्हा चालवा. ओळ छापली गेली तर एडिटेबल बिल्ड व्यवस्थित लागलंय. नाही छापली तर पायथॉन अजून कुठलंतरी दुसरंच किस्किट उचलतंय. वर सांगितलेला फाइलचा पत्ता पुन्हा तपासा.

टेस्ट चालवताना सगळा संच एकदम लावू नका, लॅपटॉप तासन्‌तास अडकून पडेल. ज्या पासला हात लावलाय त्याचीच टेस्ट फाइल आधी चालवा.