आधी खेळ, मग नाव

प्रिय मुली,

तुझा आराखडा वाचला. संस्थेत नवा बदल कसा रुजवायचा याची तीन तासांची कार्यशाळा, त्यातले दोन तास 62 स्लाइड्सचे आणि शेवटी ‘वेळ उरल्यास रोल-प्ले’, म्हणजे सोंग घेऊन प्रसंग खेळणं. वेळ उरत नाही गं. कधी उरलाय? लोक चहावरून उशिरा येतात, प्रोजेक्टर रुसतो, आणि ज्यासाठी माणसं बोलावली तेच राहून जातं.

फोनवर म्हणालीस, “पण सर, पॅटर्न माहीतच नसतील तर खेळणार काय?” याच प्रश्नापायी माझी बरीच वर्षं वाया गेली. म्हणून सांगतो, आधी खेळ, मग नाव.

मेरी लिन मॅन्स आणि लिंडा रायझिंग यांनी 2004 साली संस्थेत नवी कल्पना रुजवण्याचे 48 पॅटर्न मांडले. जागोजागच्या माणसांनी करून पाहिलेल्या युक्त्या होत्या त्या. या दोघींनी त्या गोळा केल्या आणि त्यांना नावं दिली. म्हणजे तिथेही आधी घडलं, नाव नंतर. आपण मात्र नावं फळ्यावर लिहून लोकांना वहीत उतरवायला लावतो. इतिहासाच्या तासाला सनावळी असायची, तशी.

एका नागरी सहकारी बँकेत मी हेच केलं. हाताची लेजरं जाऊन कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांचे हिशेब एकाच कॉम्प्युटर सिस्टिमवर, यायचं होतं. दोन दिवस घसा कोरडा केला. ‘चॅम्पियन स्केप्टिक’ म्हणजे वजनदार शंकेखोराला मानाने शंका काढायचंच काम द्यायचं, हे सगळ्यांना पाठ झालं. मागच्या रांगेत एक हेड कॅशियर होते. दोन दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. जाताना हात जोडून म्हणाले, “छान बोलता.” सहा महिन्यांनी कळलं की त्यांच्या शाखेत कॉम्प्युटरच्या जोडीला हाताचं लेजरही गुपचूप चालू आहे. खोलीतला खरा शंकेखोर माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याची व्याख्या सांगत होतो! अजून लाज वाटते.

त्यानंतर चार खुर्च्या आणि चार चिठ्ठ्या. दुसऱ्या एका बँकेत आयटीतल्या एका पोराला चिठ्ठी दिली: ‘तुम्ही हेड कॅशियर. निवृत्तीला 14 महिने. नवी सिस्टिम नको आहे, पण तसं म्हणायचं नाही.’ समोरच्या ‘मॅनेजर’ने फायदे सांगायला सुरुवात केली. पोरगा मागे रेलला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही. फक्त मार्चएण्ड होऊ द्या.” खोली हसून हसून लोळली. हे वाक्य त्याने रोज ऐकलेलं होतं, आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून आलं.

मग तोच प्रसंग पुन्हा. फायदे बंद. मॅनेजरने फक्त विचारलं, “कॅश टॅली होत नाही तेव्हा तुम्ही आधी कुठे बघता? मला सांगाल?” पोराची घडी सुटली, खुर्ची पुढे आली. तिथे खेळ थांबवला. आत्ता काय झालं, ते त्यांनाच सांगू दिलं. त्यानंतर पॅटर्नच्या नावाचं कार्ड दाखवलं: ‘आस्क फॉर हेल्प’, म्हणजे मदत मागा. समजावायला काही उरलंच नव्हतं. आधी खेळ, मग नाव. किती वेळा सांगू?

‘हा तमाशा आहे’ म्हणणारे भेटतील. म्हणू देत. वगातला सोंगाड्या समोरच्याचं बोलणं झेलून उत्तर देतो, ते स्लाइड वाचून जमत नाही. एका कंपनीने ‘मजा आली, पण शिकवलं काय?’ म्हणत मला पुन्हा बोलावलं नाही. मी चुकलो नव्हतो. बरं, थोडा चुकलो होतो. खेळ इतका रंगला की नंतरच्या बोलण्याला दहाच मिनिटं उरली. खेळाला जितका वेळ, तितकाच नंतरच्या बोलण्याला ठेव. कुणालाही स्वतःच्या साहेबाचं सोंग देऊ नकोस, जुनी उणीदुणी निघतात. आणि उठण्याआधी चिठ्ठ्या परत घे. माणसं भूमिकेतला राग घेऊन घरी जातात.

62 पैकी सहा स्लाइड्स ठेव. कुठल्या ते मला विचारू नकोस. मंगळवारी चिठ्ठ्या लिहून आण, तू मॅनेजर हो. हेड कॅशियर मी होतो.

तुझा,
सर