मालक एक, पाट्या अनेक

जाहिरात एजन्सीत काम करणारे, करू पाहणारे आणि एजन्सीला काम देणारे, अशा तिघांचेही प्रश्न यावेळी एकदम आले, आणि सगळ्यांचा रोख साधारण एकच: ही एजन्सी नक्की कुणाची? मी स्वतः एका मोठ्या ग्रुपच्या एजन्सीत बरीच वर्षं काढली, पण जाहिराती सुचवणाऱ्या क्रिएटिव्हवाल्यांच्या नाही, बिलांच्या टेबलावर, त्यामुळे माझी उत्तरं जरा पैशाच्या अंगाने जातात, सांभाळून घ्या.

प्रश्न: आमच्या कंपनीने नवीन एजन्सीसाठी पिच (काम मिळवायला एजन्सीज करतात ते सादरीकरण) बोलावलं. चार एजन्सीज आल्या, नंतर कळलं की त्यातल्या दोघींचा मालक एकच! मग ही स्पर्धा खरी की नाटक?

स्पर्धा खरी असते हो. प्रत्येक एजन्सीचा नफा-तोटा वेगळा मोजला जातो, तिच्या सीईओचा बोनस त्याच्यावर ठरतो आणि हरलेल्या टीममधल्या दोघा-तिघांची नोकरी पण कधीकधी त्यातच जाते, त्यामुळे बहिणीबहिणी असल्या तरी दया नाही. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि पाचव्यावर बहीण एजन्सी, कॅन्टीन एकच. पिचच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये हवापाण्याशिवाय दुसरा विषय निघायचा नाही, आणि प्रिंटरवर कुणाचा कागद राहिला असेल तर न वाचता उलटा करून ठेवायचा, हा अलिखित नियम. (वाचायचे सगळेच, तो भाग वेगळा.)

हे असं वेगवेगळं ठेवायची सुरुवात झाली ती क्लायंटच्या भांडणातून. एका साबणवाल्याचं काम करताय म्हटल्यावर दुसरा साबणवाला तुमच्या दारात येणार नाही, धंद्यात याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. म्हणजे एजन्सी कितीही चांगली असली तरी प्रत्येक धंद्यातला एकच क्लायंट, वाढणार कशी? यावर तोडगा काढला मॅकॅन-एरिक्सन या अमेरिकन एजन्सीच्या मॅरियन हार्परने. हा माणूस टपाल विभागात लागला आणि १९४८ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, कंपनीचा प्रेसिडेंट झाला. त्याने दुसऱ्या एजन्सीज विकत घेतल्या पण स्वतःत मिसळल्या नाहीत, वेगळ्याच ठेवल्या, आणि १९६१ च्या सुमाराला या सगळ्यांच्या डोक्यावर इंटरपब्लिक नावाची छत्री उभी केली. पाट्या वेगळ्या, भिंती वेगळ्या, तिजोरी एक. खर्चाचं भान मात्र त्याला राहिलं नाही, १९६७ मध्ये त्याच्याच बोर्डाने त्याला खुर्चीवरून उठवलं. कल्पना तेवढी टिकली.

भिंत कच्ची असली की काय होतं तेही पुढे दिसलं. १९८६ मध्ये लंडनच्या साची अँड साचीने टेड बेट्स ही अमेरिकन एजन्सी ४५ कोटी डॉलर देऊन घेतली. साचीचा मोठा क्लायंट प्रॉक्टर अँड गॅम्बल, बेट्सचा त्याचाच स्पर्धक कोलगेट-पामोलिव्ह. झालं, कोलगेटने सामान आवरलं, वॉर्नर-लॅम्बर्टही गेली.

तर तुमच्या पिचचं म्हणाल तर क्रिएटिव्हची स्पर्धा खरी, पण एक विचारून घ्या की मीडिया, म्हणजे टीव्ही-पेपरमधली जाहिरातीची जागा, कोण विकत घेणार. दोघीही बहुतेक एकाच मीडिया कंपनीचं नाव सांगतील, म्हणजे तुम्ही दोघींपैकी कुणालाही निवडा, त्या पैशाचा मोठा हिस्सा एकाच घरात जाणार. तेवढ्यापुरतं नाटकच.

प्रश्न: होल्डिंग कंपनी, म्हणजे या सगळ्या एजन्सीजची मालक कंपनी, स्वतः एकही जाहिरात बनवत नाही म्हणे. मग दिवसभर करतात काय हे लोक?

हिशेब! चेष्टा नाही करत. डब्ल्यूपीपी या मोठ्या ग्रुपचंच बघा ना, नावाचा अर्थ वायर अँड प्लास्टिक प्रॉडक्ट्स, तारेच्या बास्केट वगैरे बनवणारी इंग्लंडमधली एक छोटी लिस्टेड कंपनी. मार्टिन सॉरेल हा साचीचा फायनान्स बघणारा माणूस, त्याने १९८५ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला कारण त्याला बास्केट नको होत्या, शेअर बाजारात आधीच बसलेलं एक खोकं हवं होतं, ज्यातून पुढे कंपन्या विकत घेता येतील. १९८७ मध्ये त्या खोक्याने जे. वॉल्टर थॉम्प्सन ही जुनी अमेरिकन एजन्सी गिळली, ५६.६ कोटी डॉलरला, जी तिच्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी होती आणि विकायची तयारीही नव्हती. आणि मग कागद उघडल्यावर सापडलं की थॉम्प्सनच्या मालकीची टोकियोत एक इमारत आहे, ती विकून सुमारे २० कोटी डॉलर आले! क्रिएटिव्ह माणसाला ती इमारत दिसली नसती, हिशेबाच्या माणसाला दिसली. १९८९ मध्ये ओगिल्वी, २००० मध्ये यंग अँड रुबिकम, मग ग्रे, असं करत एजन्सीजचा ढीग झाला.

रोजचं काम म्हणाल तर प्रत्येक एजन्सीला वर्षाच्या सुरुवातीला नफ्याचा टक्का ठरवून देतात आणि दर महिन्याला फोरकास्ट मागतात. एजन्सीत सगळ्यात मोठा खर्च पगार, कमाईच्या निम्म्याहून जास्त, मशिनरी म्हणाल तर लॅपटॉप आणि कॉफीचं मशीन, त्यामुळे टक्का घसरला की उपाय एकच, नवीन भरती बंद. आमच्याकडे एखाद्याने राजीनामा दिला तर त्याची जागा भरायची परवानगी ग्रुपकडून यायची आणि ती यायला इतका वेळ लागायचा की तोपर्यंत उरलेल्यांना ते काम अंगवळणी पडलेलं असायचं. मला वाटतं तोच हेतू असावा.

याशिवाय ऑफिसची जागा, सॉफ्टवेअरची लायसन्स, विमा हे सगळं एकत्र घासाघीस करून घ्यायचं आणि त्या बदल्यात एजन्सीकडून मॅनेजमेंट फी कापायची. आणि रोकड! क्लायंट पैसे देतो आज, टीव्ही चॅनलला द्यायचे असतात महिन्या-दीड महिन्याने, मधल्या काळात ते पैसे ग्रुपकडे फिरत असतात, हजारो क्लायंट धरले तर ही रक्कम किती होत असेल विचार करा. मोठ्या जागतिक क्लायंटशी करार पण वरूनच होतात, तिथे एजन्सीला काम आणि फीचा आकडा दोन्ही आयते मिळतात, आणि आकडा बघून एजन्सीचा चेहरा पडतो.

प्रश्न: मी आणि माझी पार्टनर, आमची छोटी डिजिटल एजन्सी आहे. एका मोठ्या ग्रुपने विकत घ्यायची तयारी दाखवलीय. थोडे पैसे आत्ता आणि बाकीचे पाच वर्षांत म्हणतात. घ्यावी का ऑफर?

बाकीचे म्हणजे अर्न-आउट. तुम्हाला आत्ता एक हप्ता देतात आणि राहिलेली किंमत पुढची तीन ते पाच वर्षं तुम्ही किती नफा कमावता त्यावर ठरते. ग्रुपच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, एजन्सीची मालमत्ता रोज संध्याकाळी लिफ्टने खाली उतरून घरी जाते, ती दुसऱ्या दिवशी परत आली पाहिजे ना.

पण तुमच्या बाजूने तीन गोष्टी बघा. एक म्हणजे नफा कसा मोजणार, मॅनेजमेंट फी आणि ग्रुपने लादलेलं सॉफ्टवेअर वजा करून की त्याआधी, हे करारात एकेका शब्दाने लिहून घ्या, कारण आकडा तिथेच मरतो. दुसरं, बहीण एजन्सीने तुमच्या मुलांकडून काम करून घेतलं तर त्याचे पैसे कोण देणार? आमच्याकडे अशी इंटरकंपनी बिलं महिनोन् महिने लोंबकळत असायची, बाहेरच्या क्लायंटचा पाठपुरावा करता येतो, घरच्या माणसाचा कसा करणार. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, अर्न-आउट चालू असताना ग्रुपने तुम्हाला दुसऱ्या एजन्सीत विलीन केलं तर तुमच्या आकड्याचं काय? हे आजकाल फार होतंय, खाली सांगतेच.

अजून एक, त्या काळात तुम्ही नवीन माणसं घ्यायचं टाळाल, कारण पगार वाढला की हप्ता कमी. पाच वर्षं असं कंजूषपणे चालवलेली एजन्सी शेवटी पोकळ होते हे मी दोन वेळा जवळून बघितलंय, संस्थापक पैसे घेऊन बाहेर, मागे राहिलेली पोरं दमलेली. घ्या किंवा नका घेऊ, पण आत्ताच्या हप्त्यात समाधान वाटत असेल तरच सही करा, पुढचे हप्ते मिळाले तर बोनस समजा.

प्रश्न: क्रिएटिव्ह एजन्सी वेगळी, मीडिया एजन्सी वेगळी, असं का? पूर्वी एकच असायची ना?

हो, एकच असायची, आणि कमाई यायची मीडियाच्या १५ टक्के कमिशनमधून, जाहिरातीची कल्पना जवळजवळ फुकट. मग लक्षात आलं की जागा एकगठ्ठा घेतली तर स्वस्त पडते, म्हणून सगळ्या बहिणींची मीडिया खाती बाहेर काढून एकत्र केली. साचीने १९८८ मध्ये झेनिथ काढली, १९९७ मध्ये थॉम्प्सन आणि ओगिल्वीची मीडिया खाती मिळून माइंडशेअर झाली, २००३ मध्ये डब्ल्यूपीपीने आपल्या सगळ्या मीडिया कंपन्यांवर ग्रुपएम बसवलं, त्याचं २०२५ मध्ये डब्ल्यूपीपी मीडिया झालं. ऑम्निकॉम ग्रुपची ओएमडी, पब्लिसिस ग्रुपची स्टारकॉम, सगळ्यांचं तेच.

गंमत अशी की ज्याला आधी मागचं खातं म्हणायचे तेच आता घर चालवतं. आणि तिथेच वादही आहेत. मीडिया कंपनीला चॅनलकडून मोठ्या खरेदीवर सूट मिळते, ती क्लायंटला द्यायची की स्वतःकडे ठेवायची? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेने, एएनएने, तपास करून घेतला तेव्हा अशा न सांगितलेल्या सवलती सर्रास चालतात असं बाहेर आलं. फ्रान्सने १९९३ मध्येच कायदा केला की एजन्सी ही क्लायंटची फक्त प्रतिनिधी, जागा स्वतः घेऊन चढ्या भावाने विकायची नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी मात्र ग्रुप जागा स्वतःच्या नावावर घेतो आणि क्लायंटला विकतो, मधला नफा किती ते सांगत नाही, आणि क्लायंटने करारात तसं मान्य केलेलं असतं. करार वाचा बाबांनो.

प्रश्न: शंभर-शंभर वर्षांची नावं एका रात्रीत गायब कशी होतात?

भिंतींचा खर्च परवडेना म्हणून. प्रत्येक पाटीमागे एक सीईओ, एक फायनान्सवाला, एक एचआर, आणि क्लायंट म्हणतोय मला सहा जणांशी बोलायचं नाही, एकच माणूस द्या. पब्लिसिसने हे लवकर ओळखलं, २०१५ मध्ये सेपियंट, २०१९ मध्ये एप्सिलॉन विकत घेतली, असा टेक्नॉलॉजी आणि डेटावर पैसा लावला आणि एजन्सीज एका छताखाली आणल्या, आणि २०२४ मध्ये निव्वळ कमाईत डब्ल्यूपीपीला मागे टाकलं. एका क्लायंटसाठी आख्खी एजन्सी उभी करायचाही प्रयोग झाला, डब्ल्यूपीपीने डेलसाठी एन्फॅटिको काढली होती, २००९ मध्ये ती यंग अँड रुबिकममध्ये ढकलावी लागली. एकाच झाडावर घरटं, दुसरं काय होणार.

थॉम्प्सनचं नाव १८६४ पर्यंत मागे जायचं. २०१८ मध्ये तिला वंडरमनबरोबर जोडून वंडरमन थॉम्प्सन केलं, त्याच वर्षी यंग अँड रुबिकमला व्हीएमएलबरोबर जोडून व्हीएमएलवाय अँड आर केलं, आणि २०२४ च्या सुरुवातीला या दोघींची मिळून नुसती व्हीएमएल. चार नावांतलं एक उरलं, आणि तेही सगळ्यात नवीन.

ऑम्निकॉमचं तर बघवत नाही. १९८६ मध्ये बीबीडीओ, डॉयल डेन बर्नबॅक (म्हणजेच डीडीबी) आणि नीडहॅम हार्पर या एजन्सीज एकत्र येऊन तो ग्रुप जन्माला आला. नीडहॅम हळूहळू डीडीबीत विरघळली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक, म्हणजे हार्परचीच ती पहिली छत्री, विकत घेतली आणि लगोलग सांगितलं की डीडीबी, एफसीबी आणि मुलनलो ही नावं बंद. तिघा जन्मदात्यांमधलं बीबीडीओ तेवढं उरलं. क्रिएटिव्ह एजन्सीजची जाळी म्हणून शिल्लक बीबीडीओ, टीबीडब्ल्यूए आणि मॅकॅन, शिवाय सुमारे ४,००० नोकऱ्या जाणार असंही त्याचवेळी जाहीर झालं.

मग कॉन्फ्लिक्टचं काय, असं विचाराल. क्लायंट पूर्वीइतके कडक राहिले नाहीत, टीम वेगळी, सर्व्हर वेगळा एवढ्यावर बरेच जण मानतात. मला व्यक्तिशः हे जरा घाईचं वाटतं, भिंत पाडायला आठवडा लागतो आणि एखाद्या एजन्सीची कामाची एक ढब तयार व्हायला २० वर्षं, पण मी हिशेबातली बाई, माझ्या तोंडी हे शोभत नाही.

प्रश्न: मुलाखत दिली एका एजन्सीत, ऑफर लेटरवर भलत्याच कंपनीचं नाव! फसवणूक तर नाही ना?

बहुतेक नाही. बाहेरची पाटी म्हणजे ब्रँड, पगार देणारी कायदेशीर कंपनी वेगळी, एकाच कंपनीच्या नावावर तीन-चार ब्रँड चालतात. तरी खात्री करायची तर एचआरला ईमेलवर विचारा की या कंपनीचं आणि त्या एजन्सीचं नातं काय आणि पीएफ कुठल्या नावाने भरला जाणार, लेखी उत्तर येत नसेल तर थांबा. बदलीचं कलम पण वाचा, ग्रुपमधल्या कुठल्याही कंपनीत पाठवू असं असतं त्यात, आणि तसं झालं तर तुमची नोकरीची वर्षं पहिल्या दिवसापासून धरणार का, हे आत्ताच लिहून घ्या. आणि हो, व्हिजिटिंग कार्डं शंभरच छापून घ्या.