मूळ चिमटा कापून 4 इंच लांब केला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की 150 सीसी गाडीचं मागचं चाक 4 इंच मागे न्यायचंय, मागे दोन शॉकअप आहेत, आणि वेल्डर म्हणतो मूळ चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) मधे कापून पाईपचा तुकडा घालू, दोन तासांचं काम. कृपा करून तसं करू नका. अख्खा नवीन बनवून घ्या.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो. जास्त काम उसाच्या ट्रॉल्यांचं, बाईकची कामं हौसेची. काही वर्षांपूर्वी असाच जोड दिलेली एक गाडी माझ्याकडे आली. तक्रार एवढीच, की वळणावर मागचं चाक पोहल्यासारखं वाटतं. मी चिमट्याचा रंग काढला, लाल डायपेनिट्रंट (तड्यात शिरणारा पातळ रंग) मारून पुसलं आणि तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर वर फवारला. मिनिटभरात खालच्या बाजूला, वेल्डच्या बीडला (जोडावरच्या धातूच्या रेघेला) अगदी चिकटून, केसासारखी लाल रेघ उमटली. बीड शाबूत होता, तडा त्याच्या कडेला पाईपमध्ये होता. तो मुलगा आदल्याच रविवारी बायकोला मागे बसवून दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आला होता.

तडा खालूनच का, हे समजलं की डिझाइन अर्धं झालं. खड्ड्यात एक्सल वर ढकलतो, पुढे पिव्हट (चिमटा चेसीत ज्या बोल्टवर फिरतो तो) धरून ठेवतो आणि मधे शॉकअप खाली दाबतो. म्हणजे चिमटा शॉकअपच्या माउंटिंगपाशी वाकू बघतो आणि त्याची खालची बाजू ताणली जाते. समजा मूळ चिमट्यात माउंटिंगपासून एक्सल 60 मिमी मागे आहे. माउंटिंग तिथंच ठेवून चाक 100 मिमी मागे नेलं तर ते अंतर 160 होतं, आणि त्या जागेवरचा वाकवणारा जोर सुमारे पावणेतीनपट. तुमचा वेल्डर जोड देणार तो बहुधा तिथंच. शिवाय पिव्हट ते एक्सल अंतर समजा 480 मिमीचं 580 झालं की तीच स्प्रिंग चाकाला सुमारे 30 टक्के मऊ लागते. दोघं बसलात की टायर मडगार्डला घासलाच.

म्हणून माउंटिंगही मागे घ्या. मी 60-70 मिमी घेईन. तेवढ्याने शॉकअप आडवा होतो, गाडी बसते, म्हणून जरा लांब आणि कडक स्प्रिंगचा शॉकअप लागेल. चेसीवरचं वरचं माउंटिंग मात्र हलवू नका. आधी फरशीवर खडूने एकास एक ड्रॉइंग काढा. चाक पूर्ण वर गेल्यावर आणि पूर्ण खाली आल्यावर काय कुठं येतं ते त्यावर दिसतं, कागदावर दिसत नाही.

माल: 60 × 30 मिमीची आयताकृती एमएस (साध्या पोलादाची) ट्यूब, 3 मिमी जाडीची, उभी धरून. पिव्हटपासून एक्सलच्या पत्तीपर्यंत दोन्ही बाजूंना एकच सलग तुकडा. दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा पाईप टायरला जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्या. चिमटा पिळला जाऊ नये म्हणून तोच काम करतो, आणि गाडी पोहते ती बहुतेक पिळामुळेच. वेल्डिंग आर्गनने. खालच्या बाजूला आडवा बीड नको, माउंटिंगची पत्ती ट्यूबच्या उभ्या बाजूवर लावा. ॲल्युमिनियमचा मोह टाळा. 6061-टी6 वेल्ड केलं की जोडाशेजारी जवळजवळ निम्मी ताकद जाते आणि ती परत आणायला भट्टी लागते.

खरा वेळ जातो फिक्स्चरमध्ये, म्हणजे वेल्ड करताना सगळं जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या सांगाड्यात. जाड प्लेटवर पिव्हटचा डमी शाफ्ट आणि एक्सल समांतर बांधा, आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे थोडं थोडं वेल्ड. गरम सोडवू नका, पूर्ण गार होऊ द्या. पिव्हटची नळी वेल्डनंतर आक्रसते, बुश जात नाही. तिथं हातोडा मारू नका. नळी आधी अर्धा मिमी कमी बोअरची ठेवा आणि वेल्डनंतर लेथवर फायनल करून घ्या.

चेन 428 असेल तर 16 लिंक वाढतील. तिचा सैलपणा पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आल्यावर तपासा, कारण चेन तिथं सगळ्यात जास्त ताणली जाते. ड्रम ब्रेक असेल तर टॉर्क आर्म (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी पट्टी) आणि ब्रेक रॉड दोन्ही लांब करावे लागतील. टॉर्क आर्म जोडून वाढवू नका, नवीन पट्टीचा करा. तो तुटला तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं.

गाडी चालवताना फरक कळेल. बहुतेक 150 सीसी गाड्यांचा व्हीलबेस 1,300 ते 1,350 मिमी, त्यात 100 म्हणजे पुष्कळ. मागच्या चाकावरचं वजन थोडं कमी होतं, म्हणून पावसात मागचा ब्रेक लवकर घसरतो.

आणि हे लपवत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि अपघातात विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. शोसाठी, खासगी आवारात चालवायला बनवत असाल तर बनवा.

बनवलात तर लगेच काळा पावडर कोट करू नका. पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात मारा आणि आवारातच 500 किलोमीटर फिरवा. दर 100 ला गाडी आडवी करून माउंटिंगच्या खाली टॉर्च मारून बघा. तडा असेल तर पांढऱ्यावर गंजाची तपकिरी रेघ दिसते.