‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असलेल्या लहान मुलांचे पालक समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. मुलाने विशी ओलांडली, की जवळजवळ प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो: ‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’ हा प्रश्न पालकांची झोप उडवणारा आहे आणि ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल’ असे म्हणून तो बाजूला सारणे मला कधीच योग्य वाटलेले नाही. अडचण एवढीच आहे, की आज आई जे जे करते ते सगळे करणारे दुसरे माणूस कुठून आणायचे, असा त्याचा अर्थ मनात धरला तर त्याला उत्तर सापडत नाही, कारण तसे माणूस कुठेच मिळत नाही. पुण्यातील कर्वेनगरमधील एका कुटुंबाबरोबर या प्रश्नावर झालेले काम त्यांच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून, येथे मांडत आहे.

त्या मुलाला आपण निखिल म्हणू. वय २४. सातव्या वर्षी निदान झाले, तरी नेहमीच्या शाळेत शिकून त्याने बी.कॉम. पूर्ण केले. ओळखीतून एका सीएंच्या कार्यालयात संगणकावर नोंदी करण्याची नोकरी लागली, कामात चुका होत नव्हत्या, आणि तरीही तिसऱ्या महिन्यातील एका सोमवारी तो अंथरुणातून उठलाच नाही. त्यानंतर वर्षभर तो घरी होता. रात्र जागून काढायची, दुपारपर्यंत झोपायचे, पूर्वी तोंडपाठ सांगायचा त्या पीएमपीच्या बसमार्गांविषयीही काही बोलायचे नाही, अशी त्याची अवस्था होती. आईने त्याच्यासाठी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि वडील राज्य सरकारच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झाले होते. वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारले, ‘मॅडम, पदवी मिळवलेला मुलगा सांगितल्याशिवाय आंघोळ करत नाही. याला आळस म्हणायचा, हट्ट म्हणायचा की आजार?’

आंघोळीकडे वळण्याआधी त्या वर्षभरातील घसरणीकडे पाहणे आवश्यक होते. ऑटिझम हे मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपण आहे आणि ते एखाद्या सोमवारी अचानक वाढत नाही. त्यामुळे तरुण वयात झोप उलटली, आवडीचे विषय सुटले, येत असलेल्या गोष्टी येईनाशा झाल्या, तर तो बदल ऑटिझमच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये, असे मी पालकांना आवर्जून सांगते. या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते, अपस्माराची, म्हणजे फिट येण्याची, शक्यताही अधिक असते, आणि दाढदुखीसारखी साधी वेदनासुद्धा अनेकांना शब्दांत सांगता येत नाही. निखिलला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले. झोपेची घडी बसल्यावरच आमचे खरे काम सुरू झाले.

सुरुवातीच्या भेटींत मी निखिलला काहीही विचारले तरी उत्तर आईकडून येत असे. त्यात त्यांचा दोष नव्हता. मुलगा बोलत नव्हता त्या वर्षांपासून आईच त्याचा आवाज झाल्या होत्या. मी त्यांना विनंती केली, की पुढच्या भेटीत कितीही शांतता पसरली तरी आपण बोलायचे नाही. निखिलला प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवला, कारण ‘नोकरीत कसं वाटलं?’ असा मोकळा प्रश्न ऐनवेळी विचारला की नेमके कशाविषयी बोलायचे हेच अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना उमगत नाही. प्रश्न असा होता: ‘ऑफिसच्या दिवसातली सर्वांत अवघड वेळ कोणती होती?’ निखिल बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला. वडील खुर्चीत चुळबुळ करू लागले, आईने पदराचे टोक मुठीत धरले, पण दोघेही गप्प राहिले. मग तो म्हणाला, ‘काम अवघड नव्हतं. दीड ते दोन अवघड होतं.’

दीड ते दोन ही जेवणाची सुट्टी. लहानशा खोलीत एका टेबलाभोवती सगळे बसत, सगळ्यांचे डबे एकदम उघडत, लसणाच्या चटणीपासून सुक्या बोंबलापर्यंतचे वास एकमेकांत मिसळत आणि चार संभाषणे एकाच वेळी चालत. ‘काय रे, आज पण बटाटाच?’ असे कुणी म्हटले, की याचे उत्तर द्यायचे असते की नुसते हसायचे असते, हे त्याला ठरवता येत नसे. इतरांसारखे वागून दाखवण्यात तो अर्धा तास जात असे, दुपारभर डोके भणभणत असे आणि रविवार सोमवारच्या दीड वाजण्याच्या धास्तीत सरत असे. घरात मात्र वर्षभर असा समज होता, की साहेब काहीतरी लागेल असे बोलले असतील. कार्यालयातील लोकांना तो शिष्ट वाटत होता, हेही नंतर कळले. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधकाने २०१२ मध्ये मांडले, की ऑटिस्टिक आणि इतर माणसे यांच्यातील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. एकाच बाजूला समज कमी असते असे नाही. त्या जेवणाच्या टेबलापुरते तरी मला हे अगदी पटते.

त्यानंतर मी आईला एक वही घालायला सांगितली. निखिलसाठी दिवसभरात आपण जे काही करतो ते सारे, कितीही किरकोळ असले तरी, आठवडाभर लिहून काढायचे होते. वही परत आली तेव्हा ती वाचून वडील अस्वस्थ झाले. गोळी काढून देणे आणि कपडे ठेवणे त्यांना माहीत होते. परंतु नव्या शर्टाच्या मानेजवळची चिठ्ठी उसवून टाकणे, पाहुणे येणार असतील तर सकाळपासून थोडे थोडे सांगत राहणे, तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला की भूक लागली आहे हे ओळखणे, गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी न सांगता खिडक्या लावून घेणे, बँकेच्या फोनवर त्याच्या वतीने बोलणे, हे सारे त्यांनी प्रथमच कागदावर पाहिले. ‘आमच्यानंतर’ या शब्दामागे नेमके काय आहे, ते त्या वहीत होते.

मग वहीतील एकेक नोंद हातात घेऊन तिघांनी मिळून ठरवायचे, की हे काम निखिलकडे जाईल, फोनमधील गजराकडे जाईल, की आईखेरीज दुसऱ्या माणसाकडे जाईल. खिडक्यांचे काम सर्वांत लवकर सुटले: आवाज अडवणारे हेडफोन त्याने स्वतः निवडले आणि सराव सुरू होण्याआधीच ते लावायचे असे ठरले. भुकेचे तसे नव्हते, कारण शरीराच्या आतून येणारे इशारे अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना स्पष्ट कळत नाहीत. तेथे भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळावर जेवणे हाच उपाय होता.

आंघोळीला वेळ लागला. घरात पारोशाने चहा घ्यायचा नाही, ही आजीच्या काळापासूनची शिस्त होती, आणि त्यामुळे रोज सकाळी आईच्या पाच-सहा हाका, वडिलांचा चढलेला आवाज आणि मग दाराआड तासभर मुलगा, असा क्रम ठरलेला होता. निखिलला मी आंघोळीतील सर्व पायऱ्या लिहायला सांगितल्या, तेव्हा त्याने पाण्याचे तापमान जुळवण्यापासून ओले केस मानेला चिकटण्यापर्यंत पानभर मजकूर लिहिला आणि दोन ठिकाणी खूण केली: शॉवरचे पाणी डोक्यावर टोचते, आणि नवा टॉवेल अंगाला घासतो. शिवाय अंथरुणातून उठून थेट आंघोळीला जाणे, म्हणजे एक क्रिया सोडून दुसरी सुरू करणे, हेच त्याला जड जात होते. कळत असूनही सुरुवात न करता येणे हे या स्थितीत फार वेळा दिसते आणि बाहेरून ते हुबेहूब आळसासारखे दिसते. शॉवरऐवजी बादली आणि तांब्या आला, जुना मऊ पंचा आला, आणि आंघोळीची वेळ रात्री साडेआठची झाली. पारोशाने चहा घेण्याला आईची हरकत होती. ती शिस्त त्यांच्या सासूबाईंची आठवण होती आणि तिचा मान ठेवायला हवा होता. शेवटी निखिलने सकाळी हातपाय-तोंड धुऊन चहा घ्यावा, असे त्यांनीच ठरवले.

कागदपत्रांबाबत वडिलांची घाई वेगळ्या दिशेने चालली होती. मूल १८ वर्षांचे झाले, की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कळल्यावर त्यांना लगेच पालकत्वाचा अर्ज करायचा होता. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती ऑटिझम असलेल्या प्रौढासाठी पालक नेमू शकते, हे खरे आहे. पण पालकाची गरज आहे का आणि ती कोणत्या कामांपुरती आहे, हे समितीने आधी पाहायचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तर मर्यादित पालकत्वाची, म्हणजे ठरावीक बाबींपुरते व्यक्ती आणि पालक यांनी मिळून निर्णय घेण्याची तरतूद आहे. ज्याला स्वतःचे बँक खाते समजते, स्वतःचा नकार सांगता येतो, त्याच्या सह्यांचा अधिकार काळजीपोटी काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी निखिलच्या नावाचे खाते तो स्वतः चालवू लागला आणि मोठ्या रकमेच्या व्यवहाराआधी घरात विचारायचे, असे लेखी ठरले.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र या कुटुंबाने कधीच काढले नव्हते. निखिलच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात अडचण येईल, ही जुनी भीती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर शिक्षणातील व सरकारी नोकरीतील राखीव जागांचा लाभ घेता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, त्यासाठीही प्रमाणपत्र लागते. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या पालकांनी तर, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला मिळणाऱ्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे नियम आपल्या हयातीतच समजून घेऊन नोंदी पूर्ण कराव्यात. हे सगळे मी निखिललाच सांगितले. त्याने दोन आठवडे विचार केला, तपासणीत काय विचारतात ते लिहून मागितले आणि मग अर्ज केला.

‘ताई आहेच की,’ हे वाक्य त्या घरात इतक्यांदा उच्चारले गेले होते, की बेंगळुरूच्या ताईला कुणी विचारलेच नव्हते. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, ‘पैशांचं, विम्याचं, डॉक्टरांचं मी आयुष्यभर बघेन. पण तो माझ्याकडे राहायला येणार असं गृहीत धरू नका, मला ते जमेल असं वाटत नाही.’ आई दुखावल्या. मला मात्र तिचे उत्तर मोलाचे वाटले, कारण आई-वडील हयात असताना आलेला असा नकार वेळेवर आलेला असतो आणि उरलेल्या कामांसाठी माणसे शोधायला अवधी मिळतो. निखिलला विचारले तेव्हा त्यालाही बेंगळुरूला जायचे नव्हते. त्याला कर्वेनगरचे घर आणि इथल्या बस हव्या होत्या. त्यानंतर एक मावसभाऊ आणि शेजारचे एक निवृत्त शिक्षक काका यांच्याशी बोलणे झाले. दोघांनी एकेक ठरावीक जबाबदारी घेतली.

आता निखिल मार्केट यार्डातील एका व्यापाऱ्याकडे रोज चार तास मालाच्या नोंदी करतो. मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मिळावेत, ही विनंती त्याने स्वतः केली आणि मालकांनी ती मानली. कामाची वेळ अशी निवडली आहे, की जेवणाची सुट्टी मध्ये येतच नाही.

पावसाळ्यात आई-वडील मुद्दाम तीन दिवस दापोलीला गेले. निखिल कामावर गेला, वेळेवर जेवला, गोळ्या चुकल्या नाहीत. परत आल्यावर फ्रिजमध्ये दुधाच्या न उघडलेल्या पिशव्या साठलेल्या दिसल्या: घरात एकच माणूस असताना दूध कमी करायला सांगावे लागते, ही गोष्ट आईच्या वहीतही आली नव्हती. ती नोंद आता झाली आहे आणि दूधवाल्याचा नंबर निखिलच्या फोनमध्ये आहे. पुढचा मुक्काम दिवाळीनंतर आठवडाभराचा ठरला आहे. त्या आठवड्यात गुरुवारी पाणी बंद राहिले तर काय करायचे, ते पान निखिल सध्या वहीत लिहीत आहे.